घरभाड्याचं डिपॉझिट: किती कापता येतं, आणि ते कुणी सिद्ध करायचं?

‘आता देशभरात घरभाड्याचं डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही’ असा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. काहींनी तो लगेच घरमालकाला पाठवला आणि ‘आमच्याकडे तीन महिन्यांचंच चालतं’ असं उत्तर मिळवलं. निदान महाराष्ट्रात तरी या वादात घरमालकाचं म्हणणं कायद्याला धरून आहे.

मेसेजमध्ये तथ्य इतकंच की केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी एक आदर्श भाडे कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचं आणि दुकान-ऑफिससाठी सहा महिन्यांचं भाडं अशी डिपॉझिटची कमाल मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याने स्वतः कायदा केला तरच ती मर्यादा तिथे लागू होते. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये तसा कायदा केला. तमिळनाडूने त्याआधीच, २०१७ च्या कायद्यात, तीन महिन्यांची मर्यादा घालून घर सोडल्यावर एका महिन्यात पैसे परत करायला सांगितलं. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्याचं कलम ५६ घरमालकाला डिपॉझिट घेऊ देतं, पण किती घ्यावं यावर काहीच बंधन घालत नाही.

म्हणजे आपल्याकडे रक्कम बाजार ठरवतो. त्यातून किती कापता येतं, हे मात्र बाजाराच्या मर्जीवर नाही. त्याचे नियम दीडशे वर्षांपासून आहेत आणि बहुतेक भाडेकरूंना ते माहीत नसतात.

हे पैसे कुणाचे?

भाडेकरूचे. घरमालकाच्या खात्यात असले तरी भाडेकरूचेच. सावकाराकडे पाटल्या गहाण ठेवल्या म्हणून त्या सावकाराच्या होत नाहीत. कर्ज फिटलं की त्या परत द्याव्या लागतात, आणि कर्ज दहा हजारांचं असेल तर तो पन्नास हजारांचं सोनं ठेवून घेऊ शकत नाही. डिपॉझिटचंही तसंच आहे. भाडं थकलं, विजेचं बिल राहिलं किंवा घराचं नुकसान झालं, तर तेवढीच रक्कम त्यातून वळती करायची आणि उरलेली परत द्यायची. कापायला कारण नसेल तर पूर्ण रक्कम परत.

यातूनच सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: जो म्हणतो नुकसान झालं, त्याने ते दाखवायचं. नुकसान झालं, ते भाडेकरूमुळे झालं आणि दुरुस्तीला इतका खर्च आला, या तिन्ही गोष्टी घरमालकाने सिद्ध करायच्या असतात. प्रत्यक्षात उलटं होतं, कारण पैसे आधीच घरमालकाच्या हातात असतात. त्यामुळे भाडेकरू आपण निर्दोष असल्याचे पुरावे गोळा करत बसतो.

आधी अ‍ॅग्रीमेंट नीट समजून घेऊ

महाराष्ट्रात घर बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिलं जातं. लायसन्स म्हणजे ठरावीक काळ घर वापरण्याची परवानगी. यात जागेत हक्क तयार होत नाही, म्हणूनच घरमालकांना हा प्रकार पसंत असतो. जुन्या अर्थाने भाडेकरू असणं वेगळं. रोजच्या बोलण्यात आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, आणि या लेखातही मी तोच शब्द वापरतो आहे.

‘अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट असेल तर नोंदणी लागत नाही’ हा समज इथे मुळातून काढून टाकायला हवा. १९०८ चा केंद्रीय नोंदणी कायदा एक वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्यांना नोंदणी सक्तीची करतो, त्यातून हा अकरा महिन्यांचा रिवाज आला. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं ठरवायची जबाबदारी घरमालकावर येते.

खर्चाचं म्हणाल तर महिना २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार असेल तर मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आसपास पडतं. पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांची बेरीज करून तिच्यावर पाव टक्का, असा हा हिशेब आहे. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. पाऊण लाखाच्या व्यवहाराला एवढा खर्च जास्त नाही.

एक धोका मात्र लोक हसतमुखाने पत्करतात. करारात डिपॉझिट ५० हजार लिहायचं आणि वरचे ५० हजार रोख द्यायचे. हे कधीही करू नका. लायसन्सचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा असतो, असं १९९९ च्याच कायद्याचं कलम २४ म्हणतं. म्हणजे ५० हजार लिहिलेत तर पुढे एक लाख दिल्याचं सांगून फारसा उपयोग होत नाही. रक्कम बँकेतून द्या आणि व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्या.

झीज कुठे संपते, नुकसान कुठे सुरू होतं?

खरी भांडणं इथेच होतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम १०८ मध्ये याचं उत्तर आहे. भाडेकरूने घर मिळालं त्या स्थितीत परत द्यायचं, पण वाजवी वापराने होणारी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेले बदल वगळून. हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. लायसन्सच्या नेहमीच्या छापील नमुन्यातही ‘नैसर्गिक झीज सोडून’ अशा अर्थाचं वाक्य असतं. सहीपूर्वी ते आहे ना, एवढं तरी बघा.

आता एक उदाहरण घेऊ. धरून चला, कोथरूडमध्ये वरच्याच भाड्याचा टू-बीएचके आहे. कुटुंब तीन वर्षं राहिलं आणि किल्ल्या देऊन गेलं. आठ दिवसांनी घरमालकाचा मेसेज येतो: ‘पेंटिंग २८,०००, डीप क्लीनिंग ५,०००, गिझर ७,५००, किचन ओट्याला तडा ६,०००, बेडरूमची ओल ९,०००, भिंतीतली भोकं २,०००, लाइट बिल १,८५०. उरलेले १५,६५० पाठवतो.’

विजेच्या बिलावर वाद नाही. शेवटच्या दिवशी मीटर रीडिंगचा फोटो काढलेला असला की झालं.

रंग तीन वर्षांत फिका पडतोच. सोफ्यामागची भिंत मळते, स्विचभोवती हाताचे डाग पडतात. ही झीज आहे. पुढच्या भाडेकरूसाठी घर रंगवणं हा घर भाड्याने देण्याच्या धंद्यातला खर्च आहे आणि तीन वर्षांच्या भाड्यात तो येऊन गेला. आदर्श कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनेही रंगरंगोटी घरमालकाकडेच टाकली आहे. ती महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण वाजवी काय हे सांगताना तिचा दाखला जरूर द्यावा. मुलांनी एक भिंत स्केचपेनने भरून टाकली असेल तर गोष्ट वेगळी, त्या भिंतीचा खर्च भाडेकरूचा. पण एका भिंतीपायी अख्खं घर रंगवून घेता येणार नाही.

भोकांचंही तेच. कॅलेंडर आणि घड्याळाचे चार खिळे म्हणजे घर वापरणं. न विचारता टाइल्समध्ये ड्रिल मारून टीव्ही युनिट बसवलं आणि टाइल फुटली, तर ते नुकसान.

ओल हा सगळ्यात अन्यायकारक आयटम. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपतं, पोपडे येतात आणि ते भाडेकरूच्या माथी मारलं जातं. इमारतीचा दोष भाडेकरूचा नाही. मात्र त्याच्या बाथरूममधला नळ सहा महिने गळत होता आणि त्याने कुणाला सांगितलंच नाही, तर काही जबाबदारी त्याच्याकडे येऊ शकते. म्हणून ओल दिसली की त्याच दिवशी घरमालकाला फोटो आणि दोन ओळी पाठवा. तो मेसेज तीन वर्षांनी कामी येतो.

गिझरकडे जरा बारकाईने बघू. तो आठ वर्षांचा आहे, बोअरच्या खाऱ्या पाण्याने कॉइल गेली. त्यात भाडेकरूचा काय दोष? आणि समजा त्याच्याच निष्काळजीपणाने गेला, तरी नव्या गिझरची पूर्ण किंमत मागता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार भरपाई झालेल्या नुकसानाइतकी असते. घरमालकाचा गेला आठ वर्षं वापरलेला गिझर. घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते तशी उतरणारी किंमत, वजा केला की हातात फारसं काही उरत नाही. गाद्या, पडदे, फ्रिज, वॉशिंग मशीन यांनाही हेच लागू.

ओट्याचा तडा खरा असेल, सुरुवातीला नव्हता हे दिसत असेल आणि दुरुस्तीचं बिल असेल, तर ६,००० द्यायला हवेत. सफाईचं असं की घर झाडून-पुसून दिलं असेल तर वेगळे पैसे कसले? चिमणीवर बोटभर तेलकट थर सोडला असेल तर बिल दाखवून घ्यावेत.

भाडेकरूला कमीत कमी फायदा देऊन, सफाई आणि ओटा दोन्ही धरून, माझ्या हिशेबाने कपात १२,८५० होते. परत मिळायला हवेत ६२,१५०. मेसेजमधला आकडा होता १५,६५०.

‘पण करारातच लिहिलंय की एका महिन्याचं भाडं कापणार’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर अटीच्या शब्दांवर अवलंबून आहे. ‘घर सोडताना रंगकामापोटी १५ हजार भाडेकरू देईल’ असं स्पष्ट ठरलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ती कबूल केलेली किंमत आहे. ती नंतर नाकारणं कठीण. म्हणून ही अट सहीपूर्वीच काढून घ्या, किंवा निदान ‘तीन वर्षांच्या आत सोडल्यास’ अशी मर्यादा घालून घ्या.

‘कोणतीही अट मोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त’ ही अट मात्र वेगळ्या जातीची आहे. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी भरपाई वाजवीच मिळेल आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा असेल. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद खटल्यात हे पक्कं केलं. दिल्लीतल्या बंगल्याच्या त्या व्यवहारात विक्रेत्याने इसाऱ्याचे १,००० आणि वर घेतलेले २४,००० असे सगळेच ठेवून घेतले होते. न्यायालयाने हजार ठेवू दिले, २४ हजार जप्त करू दिले नाहीत. २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल तर आणखी थेट आहे. प्राधिकरणाने भूखंडाच्या व्यवहारातले ७८ लाख रुपये जप्त केले होते. तोच भूखंड पुढे ११.७८ कोटींना, म्हणजे मूळ ३.१२ कोटींच्या बोलीपेक्षा कितीतरी जास्त किमतीला गेला. नुकसानच झालेलं नाही तर जप्ती कशाची, असं म्हणत न्यायालयाने पैसे परत करायला लावले. हे खटले घरभाड्याचे नाहीत, पण कलम ७४ तुमच्या करारालाही तेच लागू होतं.

लॉक-इनच्या, म्हणजे अमुक महिन्यांच्या आत घर सोडायचं नाही या अटीच्या बाबतीतही हीच कसोटी वापरता येते. तुम्ही लवकर सोडलंत आणि पंधरा दिवसांत नवा भाडेकरू आला, तर घरमालकाचं नुकसान पंधरा दिवसांचं.

घरमालकाचं नुकसान खरोखर मोठं असेल तर?

असंही होतं. दरवाजे मोडलेले, सोसायटीचे दंड थकलेले, तीन महिन्यांचं भाडं बुडवून माणूस गायब. अनेक घरमालक निवृत्त असतात, भाडं हाच त्यांचा पगार असतो. त्यांनी भरपाई घेऊ नये असं कुणीच म्हणणार नाही. नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त असेल तर वरच्या रकमेसाठी त्यांना दावाही करता येतो. मागणी एवढीच आहे की यादी आणि बिलं द्यावीत. प्रामाणिक घरमालकालाही ते सोयीचं आहे, कारण उद्या दावा झाला तर कोर्ट त्याच्याकडे तेच मागणार.

शेवटचं भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करावं का?

दोघांनी लेखी कबूल केलं असेल तर बिनधास्त. एकतर्फी केलंत तर तुम्हीच करार मोडणारे ठरता आणि पुढच्या वादात तुमची बाजू लंगडी पडते. ‘डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ल्या देत नाही’ हे त्याहून धोक्याचं. मुदत संपल्यावर लायसन्सवाला जागा सोडत नसेल तर कलम २४ घरमालकाला दुप्पट दराने भरपाई मागू देतं. ७५ हजारांसाठी अडून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर महिना ५० हजारांचा बोजा चढू शकतो. किल्ल्या देताना त्याच वेळी पैसे ट्रान्सफर व्हावेत, अशी अट करारातच घालणं हा यावरचा साधा उपाय.

पैसे अडकले तर काय करायचं?

घर सोडायच्या दिवशी घरमालक किंवा त्याचा माणूस हजर असताना प्रत्येक खोलीचा, नळ-दिवे चालू करून, सलग व्हिडिओ घ्या. ‘आज किल्ल्या मिळाल्या’ एवढं तरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. कोर्टात फोटो-व्हिडिओ द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन आणि मूळ फाइल जपून ठेवा. फॉरवर्ड होऊन आलेली धूसर प्रत पुरत नाही.

दोन आठवड्यांत पैसे किंवा बिलं आली नाहीत तर लेखी मागणी पाठवा. ई-मेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. त्यात रक्कम, किल्ल्या दिल्याची तारीख, मान्य असलेली कपात आणि मुदत लिहा. ‘या तारखेपासून व्याजाची मागणी करत आहे’ हे वाक्य विसरू नका. परतीची तारीख करारात लिहिलेली नसेल तर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे अशा नोटिशीच्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं. एरवी करारात डिपॉझिट ‘बिनव्याजी’ असतं ते राहण्याच्या काळापुरतं. पुढची पायरी वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. पोलीस सहसा यात पडत नाहीत, कारण हा पैशांचा दिवाणी वाद आहे.

इथे मला कायद्याबद्दलच तक्रार करायची आहे. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला बाहेर काढायला महाराष्ट्रात सक्षम प्राधिकारी नावाची वेगळी आणि तुलनेने जलद व्यवस्था आहे. ती हवीच. पण त्याच करारातलं डिपॉझिट परत मिळवायला भाडेकरूकडे तशी जलद वाट नाही. चाळीस हजारांसाठी वकील, तारखा, रजा हे गणित जमत नाही, हे अडवणाऱ्यालाही ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना वेगळा अनुभव येतो. तिथे नेहमीच्या खासगी भाडेकरारांत २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. आता त्याची मुदत ३० दिवसांची आहे, ती चुकवली तर कोर्ट एक ते तीन पट रक्कम द्यायला लावू शकतं, आणि कपातीचा वाद योजनेतच फुकट सोडवता येतो. दोन महिन्यांच्या मर्यादेपेक्षाही मला आपल्याकडे हे आधी यायला हवं असं वाटतं.

‘मी राहतोच आहे आणि सुरुवातीचे फोटो काढलेले नाहीत’

बहुतेकांची स्थिती हीच असते. आजच घराचा तारखेसह व्हिडिओ घ्या आणि जे बिघडलंय, जिथे ओल आहे, त्याची यादी घरमालकाला पाठवा: ‘आपल्या माहितीसाठी, या गोष्टी अशा आहेत.’ जुन्या चॅटमध्ये ब्रोकरने घर दाखवताना पाठवलेले फोटो शोधा, त्यात सुरुवातीची भिंत आणि ओटा दिसतो. भाड्याच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉटही चालतील. आणि अकरा महिन्यांनी करार नव्याने होईल, तेव्हा सामानाची यादी, प्रत्येक वस्तूचं अंदाजे वय आणि ‘बिलं दाखवूनच कपात, किल्ल्या दिल्यापासून पंधरा दिवसांत परतफेड’ ही ओळ त्यात घालून घ्या. नूतनीकरणाच्या वेळी, भाडेवाढीची बोलणी चालू असताना, घरमालक ही ओळ सहसा नाकारत नाही.